बोटीतलं लेलँड आणि त्याच्या पार्टांचा माग

आमच्या बोटीत अशोक लेलँडचं एएलएम ४०० इंजिन आहे. सहा सिलिंडर, साडेसहा लिटर, वडिलांनी हौसेनं बसवलेलं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात या जातीची इंजिनं अजून फिरतायत, पण दर मोसमाला त्यातली काही कमी होतात. पुष्कळदा इंजिन मेलेलं नसतंच. एखादा पार्ट मिळाला नाही म्हणून चांगला ब्लॉक भंगारात जातो. मला ते बघवत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या इंजिनावर हीच वेळ आली, तेव्हा कुठला पार्ट कुठे आणि कसा मिळवला ते इथे लिहून ठेवतो. ज्यांच्या बोटीत असं जुनं इंजिन आहे त्यांना याचा थेट उपयोग होईल.

मे महिन्याच्या शेवटी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला, "इंजिन तापतंय, आणि स्लोवर आणलं की ऑइलचा काटा खाली बसतो." १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बोट वर ओढायचीच होती. मिस्त्रीचाचा आले. त्यांनी हेडर टँकचं, म्हणजे इंजिनाच्या गोड्या पाण्याच्या टाकीचं, झाकण उघडलं, हाताचं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.
"खारं आहे रे. समुद्र आत आलाय."

जे बोटीवर नसतात त्यांच्यासाठी सांगतो. अशा इंजिनात दोन पाणी फिरतात. एक गोडं पाणी ब्लॉक आणि हेडमध्ये, आणि दुसरं समुद्राचं, जे पंप बाहेरून खेचतो, हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांतून फिरवतो आणि पुन्हा समुद्रात सोडतो. ट्रकला समोरून वारा लागतो, रेडिएटर चालतो. बोटीच्या इंजिनखोलीत वारा कुठला? तिथे ते काम समुद्र करतो. पण दोघांच्या मधल्या पातळ नळीला भोक पडलं की खारं पाणी थेट इंजिनाच्या पोटात जातं.

इंजिन उघडलं तेव्हा नुकसान कळलं. एक्स्चेंजरच्या नळ्या गेलेल्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र नेणाऱ्या ओतीव नळाचं) पाण्याचं जॅकेट आतून खाल्लेलं, एका टोकाला केसाएवढी चीर. समुद्राच्या पाण्याच्या पंपाच्या शाफ्टला खोबण पडलेली. शिवाय क्रँकच्या बेअरिंगा उतरलेल्या, म्हणून ऑइल प्रेशर नव्हतं, आणि रिंगाही थकलेल्या.

"नवीनच टाका," हे अर्ध्या बंदरानं सांगितलं. हिशेब नवीन इंजिनाच्या किमतीपाशी थांबत नाही. नव्या इंजिनाचे पाय वेगळ्या अंतरावर, म्हणजे बोटीतले लाकडी बेड कापायचे. फेरे वेगळे, गिअरचं प्रमाण वेगळं, म्हणून बोट ढकलणारा पंखाही (प्रोपेलर) बदलायचा, नाहीतर इंजिन एक तर गुदमरतं किंवा रिकामं धावतं. मग नोंदणीच्या कागदांवरचा इंजिन नंबर बदलायचा. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट ही की या इंजिनात इलेक्ट्रॉनिक असं काहीच नाही. किनाऱ्यापासून तीस मैलांवर डिझेलमध्ये हवा धरली तर खलाशी पान्यानं एअर काढतो आणि इंजिन पुन्हा घेतं. तिथे कोण लॅपटॉप जोडायला येणार आहे?

चाचांनी मग एक गोष्ट केली, जी मला या सगळ्या कामातली सगळ्यात मोलाची वाटते. उघडलेले पार्ट त्यांनी ताडपत्रीवर दोन ढिगांत लावले. "हा ढीग ट्रकचा. हा समुद्राचा." पिस्टन, लायनर, रिंगा, बेअरिंगा, वॉल्व्ह, हेड गॅस्केट, ऑइल पंप, नोझल हे सगळं ट्रकच्या बाजूला. एक्स्चेंजर, मॅनिफोल्ड, समुद्राच्या पाण्याचा पंप, गिअरबॉक्स समुद्राच्या बाजूला. पहिला ढीग शोधायचा असतो, दुसरा बहुतेक करून घ्यायचा असतो. ही विभागणी डोक्यात पक्की झाली की अर्धी वणवण वाचते.

कारण उघड आहे. लेलँडचं हे इंजिन मुळात रस्त्यावरचं. ३७०, ४००, ६८० हे आकडे घनइंचांचे. हीच इंजिनं कंपनीच्या कॉमेटसारख्या ट्रकांत आणि बसगाड्यांत लाखो किलोमीटर धावली. बोटीसाठी त्यांना समुद्राचा साज चढवला, एवढाच फरक. त्यामुळे स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन "बोटीच्या इंजिनाचा पिस्टन आहे का" असं विचारलं की माणूस मान हलवतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. "लेलँड चारशेचा पिस्टन, स्टँडर्ड" असं म्हटलं की तोच माणूस माळ्यावर पोरगा चढवतो.

अर्थात माळ्यावरचा माल आता आटत चाललाय. पुढे कंपनीच्या गाड्यांत हिनोच्या जातीची इंजिनं आली आणि जुनी मागे पडली. मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानांपेक्षा महामार्गालगतच्या जुन्या दुकानांत जास्त मिळतं, हा माझा अनुभव. ज्या गावात एके काळी ट्रकवाल्यांचा मुक्काम होता, तिथे धूळ खात पडलेली खोकी असतात. मुंबईत ऑपेरा हाऊसकडचा स्पेअर पार्टचा बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड हे दोन्ही पालथे घातले. कुर्ल्याला मोडलेल्या गाड्यांची इंजिनं सुटी होऊन येतात. तिथे हेड, रॉकर, टाइमिंगचे गिअर असे वापरलेले पण धड पार्ट मिळतात. जुनं हेड घेताना मात्र दोन वॉल्व्हसीटांच्या मधली जागा नीट पाहावी. चीर पडते ती तिथे. मी सोबत केरोसीन आणि खडूची पूड ठेवतो. केरोसीन लावायचं, पुसायचं, वर पूड फासायची. चीर असेल तर पुडीवर ओली रेघ उमटते. दुकानदार त्याला नाही म्हणाला तर हेड तिथेच ठेवून निघावं.

क्रँक ग्राइंड करायला दिला तेव्हा चाचांनी बजावलं, "आधी बेअरिंग हातात येऊ दे, मग दगड लाव." याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, दहा, वीस, तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अशा पायऱ्यांनी घासतात आणि त्या मापाच्या जाड बेअरिंगा बसवतात. नव्या गाडीला कुठलंही माप मिळतं. जुन्या इंजिनाला बाजारात काय शिल्लक आहे ते पाहून माप ठरवावं लागतं. क्रँक वीसवर घासला आणि वीसच्या बेअरिंगा महाराष्ट्रात कुठे नाहीत, असं झालं तर तीसवर जायचं, आणि तिथेही नसतील तर क्रँक हातचा गेला. आम्हाला मेन बेअरिंगांचा वीसचा सेट सहज मिळाला, कनेक्टिंग रॉडचा मिळेना.

एका दुकानात रॉड बेअरिंगचा सेट निघाला. खोकं नामांकित, छपाई सुबक, शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पाळीच्या) पाठीवर शिक्काही बरोबर. मायक्रोमीटर लावला तर एकाच सेटमधल्या शेलांची जाडी एकमेकांशी जुळेना. दुकानदार म्हणाला, "एवढं कोण बघतं?" बेअरिंग आणि क्रँकच्या मध्ये ऑइलला जागा उरते ती जेमतेम दोन-तीन थाऊ. तिथे हे नाही बघायचं तर कुठे बघायचं? आम्ही उठलो. खरा सेट शेवटी घाटावरच्या एका छोट्या दुकानात सापडला, गंज धरू नये म्हणून मेणकागदात गुंडाळलेला, आणि तो एसटीच्या पार्सलने रत्नागिरीला आला.

डिझेल पंपाची आणि नोझलची चिंता फारशी करावी लागत नाही. पंपावर मायकोची (आताच्या बॉशची) पट्टी असते, तिच्यावरचा नंबर साफ करून उतरवून घेतला की डिझेल सर्व्हिसवाला एलिमेंट आणि डिलिव्हरी वॉल्व्ह काढून देतो. नोझलचंही तसंच, नोझलवरच नंबर कोरलेला असतो. याच कंपनीचा नोझलचा कारखाना आपल्या नाशिकला, सातपूरला आहे. पंप बेंचवर लावताना मात्र तो बोटीचा आहे हे सांगायचं. ट्रक चढाला जोर करतो आणि उताराला दम घेतो, बोट तासन् तास एकाच जोरावर चालते. ट्रकइतकं डिझेल सोडलं तर धूर, उष्णता आणि पिस्टनची वाट.

आता समुद्राचा ढीग. खरी कसोटी इथेच होती.

पंपापासून सुरुवात केली. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग, सील, पट्टे यांची दुकानं एकमेकांना चिकटून आहेत. मी शेठना पंपाचं नाव सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "नाव नको. माप बोला." बेअरिंगच्या कडेवरचा नंबर गंजानं गेला होता. त्यांनी व्हर्नियर लावला: आत २०, बाहेर ४७, जाडी १४. "बासष्ट-शून्य-चार," असं म्हणत मागे न बघता फळीवरून ६२०४ काढून दिलं. ऑइल सीलवरही आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे असतात, ते मिळाले की कुठल्या देशाच्या पंपाचं सील आहे याला काही महत्त्व उरत नाही.

रबरी इम्पेलरला, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाला, जास्त वेळ लागला. बाहेरचा व्यास, रुंदी, पात्यांची संख्या, शाफ्टचं भोक आणि त्यात चावी आहे की स्प्लाइन, हे पाचही जुळायला हवं. व्यास घेताना जुना, एका बाजूला झुकलेला इम्पेलर मोजून भागत नाही, पंपाच्या पोटाचं माप घ्यायचं. रबर कुठलं हेही विचारायचं. समुद्राच्या पाण्याला निओप्रीन बरं. नायट्राइल मिळतं ते तेलकट पाण्यासाठी, बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या, पंपाला. मापाला मिळालेले इम्पेलर मी एकदम चार घेतले, कारण पंप कोरडा चालला तर मिनिटभरातही पाती जळतात आणि तेव्हा समुद्रात दुकान नसतं. शाफ्ट स्टेनलेसच्या ३१६ सळईतून लेथवर करून घेतला. रत्नागिरीच्या एमआयडीसीत ते काम सहज झालं.

एक्स्चेंजर उघडल्यावर एक गोष्ट दिसली ती प्रत्येक बोटवाल्यानं पाहायला हवी. कधीतरी कुणीतरी काही नळ्या बदलून साध्या पितळेच्या घातल्या होत्या. त्या पिवळ्या राहिल्या नव्हत्या, गुलाबी झाल्या होत्या. चाचांनी एक नळी दोन बोटांत धरून वाकवली तर ती खुसखुशीत चकलीसारखी मोडली. पितळेत तांबं आणि जस्त असतं. खारं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं आणि मागे उरतो तो तांब्याचा सच्छिद्र सांगाडा. बाहेरून नळी शाबूत दिसते. अशा जागी क्युप्रोनिकेल लागतं, नव्वद भाग तांबं आणि दहा भाग निकेल. तीन सुती क्युप्रोनिकेल नळी मुंबईत गुलालवाडीच्या धातूबाजारात मिळाली. पितळेपेक्षा महाग आहे, पण इथे कंजुषी करणं म्हणजे पुन्हा सगळं इंजिन उघडण्याची तयारी ठेवणं. नळ्या प्लेटमध्ये बसवताना एक्स्पांडरनं फुलवून घट्ट केल्या. झाकणातली झिंकची पेन्सिल जवळजवळ संपली होती, ती नवी घातली. समुद्र कुणाला तरी खाणारच. त्यानं नळीऐवजी झिंक खावं म्हणून ती तिथे असते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी ती काढून बघायलाच हवी.

राहिला मॅनिफोल्ड. ट्रकचा मॅनिफोल्ड बाजारात मिळतो, बोल्टांना बसतोही. बंदरात एक-दोघांनी तेच सुचवलं. पण त्याला पाण्याचं जॅकेट नसतं. बंद लाकडी इंजिनखोलीत, डिझेलच्या नळ्यांशेजारी उघडा तापलेला एक्झॉस्ट ठेवायचा? खलाशी त्याच खोलीच्या वर झोपतात. मी तो विचार तिथेच सोडला. वेल्डिंगही विचारून पाहिलं. निकेलच्या रॉडनं कास्ट आयर्न जोडता येतं, पण चाचांनी जॅकेटवर हातोडीनं टकटक केलं आणि भिंत कुठेकुठे किती पातळ झालीय ते आवाजावरूनच कळलं. एक चीर बुजवली असती तर शेजारी दुसरी उघडली असती.

मग मॅनिफोल्ड गाडीत घातला आणि आंबा घाटानं कोल्हापूर गाठलं. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळापासूनचे कारागीर आहेत. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा लाकडी नमुना, करणाऱ्या अण्णांनी तो उलटासुलटा करून पाहिला.
"जुना पीस आणलायसा न्हवं? मग कशापायी काळजी करताय, पावनं?"

जुन्या पार्टालाच साचा समजून वाळूत दाबला तर नवा पार्ट लहान होतो, हे अण्णांनी पहिल्यांदा समजावलं. बिडाचा (कास्ट आयर्नचा) रस थंड होताना शंभराला सुमारे एक आकसतो. आठशे मिलिमीटरच्या मॅनिफोल्डला आठ मिलिमीटर म्हणजे टोकाचे बोल्ट लागायचेच नाहीत. म्हणून त्यांच्याकडे वेगळी फूटपट्टी असते, तिच्यावरचे आकडे आधीच तेवढे ताणलेले. त्यावर जिथे मशीन फिरणार तिथे तीन मिलिमीटर जादा. पार्ट गंजलाय हे लक्षात घेऊन त्यांनी माप मॅनिफोल्डवरून घेतलंच नाही. मी हेडवरून काढलेला कागदी छाप आणि बोल्टांची मध्य ते मध्य अंतरं वापरली. हा छाप ज्यानं त्यानं नेलाच पाहिजे. हेडवर कागद धरायचा, भोकांच्या कडांवर हलकं ठोकायचं, आकार आपोआप उठतो.

अवघड भाग कोअरचा, म्हणजे आतली पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा. एक्झॉस्टची वाट एक पोकळी, तिच्याभोवती पाण्याची दुसरी पोकळी, आणि मध्ये बिडाची भिंत. वाळूचा कोअर अधांतरी ठेवायला पत्र्याचे छोटे टेकू लावतात, पण पाण्याच्या भिंतीत ते टेकू नीट विरघळले नाहीत तर तिथूनच गळती सुरू होते. अण्णांनी टेकू टाळले. जॅकेटच्या कोअरला बाहेर निघणारे जाड पाय दिले आणि त्या भोकांना नंतर आटे पाडून बूच बसवले. याच भोकांतून आतली वाळूही काढता आली. वाळूचा एक खडा राहिला तर तो पंप आणि हेडपर्यंत फिरतो, म्हणून ते तासभर तार घालून, ठोकून, हवा मारून साफ करत होते. मी बाजूला बसून पाहत होतो. इतकं मन लावून केलेलं काम बघायला मिळणं हेही भाग्यच.

फाउंड्री छोटी होती, मोठ्या फाउंड्र्या एका नगासाठी भट्टीला हात लावत नाहीत. एफजी २६० बिडात त्यांनी दोन नग ओतून दिले, एकाचं काही बिघडलं तर हाताशी दुसरा असावा म्हणून. मशीनिंग झाल्यावर सगळी तोंडं प्लेट लावून बंद केली, जॅकेटमध्ये पाणी भरून तीन किलोचा दाब दिला आणि तसंच ठेवलं. पहिल्या नगावर खालच्या वळणाला घाम आला. थेंबही नव्हता, नुसता ओलसर डाग. अण्णांनी त्यावर लगेच खडूनं फुली मारली. दुसरा नग कोरडा राहिला आणि दाबाचा काटाही हलला नाही. तोच घेतला.

गिअरबॉक्सचं फार लांबवत नाही. आतल्या घर्षणाच्या प्लेटा मिळत नव्हत्या. क्लच-लायनिंगचं काम करणाऱ्या एकानं जुन्या लोखंडी प्लेटांवर नवं लायनिंग चढवून दिलं. ऑइलमध्ये चालणारं लायनिंग हवं हे सांगायला विसरू नये, कोरडं चालत नाही. आटे सगळे इंची निघाले, तेव्हा मेट्रिक बोल्ट ठोकून बसवणाऱ्यांपासून सावध. आट्यांचा गेज खिशात असू दे.

जुलैअखेर इंजिन बोटीत बसलं. शाफ्टचं कपलिंग जमिनीवर जुळवलं होतं, तरी बोट पाण्यात गेल्यावर ते पुन्हा उघडलं, कारण पाण्यावर लाकडी बोटीचा आकार किंचित बदलतो. फिलर गेज चारही बाजूंनी फिरवला आणि इंजिनाच्या पायाखाली पत्रे सरकवून फरक चार थाऊच्या आत आणला. ट्रायलला भाट्याच्या खाडीसमोरून बाहेर काढली. दोन तास लोडवर चालल्यावर पाणी ऐंशीच्या आसपास स्थिर, आणि स्लोवर आणल्यावरही ऑइलचा काटा जागचा हलला नाही. चाचांनी पुन्हा हेडर टँकमधलं पाणी जिभेला लावलं आणि काही न बोलता झाकण फिरवलं.

अजून एक पार्ट मी शोधतोय, समुद्राच्या पाण्याच्या पंपाची बॉडी. आमची चालतेय, पण आतून झिजलीय. नाहीच मिळाली तर गनमेटलमध्ये, ८५-५-५-५ च्या मिश्रणात ओतून घेणार, आणि ओतणारच असेन तर एकट्यासाठी ओतण्यात अर्थ नाही. मॅनिफोल्डचा लाकडी पॅटर्न आणि कोअरबॉक्स मी पैसे देऊन घरी आणलेत. माळ्यावर कोरडे ठेवलेत, वाळवी लागू नये म्हणून रंगवलेत. मिरकरवाडा असो, हर्णै असो की देवगड, ज्यांच्या बोटीत एएलएम ४०० आहे आणि मॅनिफोल्ड गळतोय, त्यांनी ते खुशाल वापरावेत. येताना फक्त हेडचा कागदी छाप घेऊन या, आधी बोल्टांची अंतरं जुळवून बघू.